हात लागला की आंघोळ

बाळाचं वजन करायची झोळी विसरले होते, म्हणून मी परत फिरले. आत जावं लागलं नाही. झोळी फाटकाच्या खिळ्याला टांगलेली होती आणि खाली एक काठी पडली होती. झोळी हाताने उचलून आणलेली नव्हती. काठीच्या टोकावर धरून आणली होती.

मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. मी कांद्याच्या चाळीला वळसा घालून मागे गेले.

न्हाणीच्या दगडावर म्हातारी पाय लांब करून बसली होती. तिच्या पायांवर बाळ होतं. उघडं. जानेवारीची सकाळ, वारा अंगाला झोंबत होता, आणि ती तांब्याने त्याच्या अंगावर पाणी सोडत होती. मी हात लावून गेले त्याला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ झाला होता. बाळाच्या पायांचे तळवे जांभळट झाले होते. ते रडत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. सून टॉवेल घेऊन बाजूला उभी होती. मला बघून तिने मान खाली घातली.

"आजी, हे काय करताय?"

"दिसत नही का? पोरले आंघोय घालस."

"मी नको म्हटलं होतं ना. वजन कमी आहे त्याचं."

म्हातारीने तांब्या पुन्हा बादलीत बुडवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुना हात लागना ना. आमनामा चालत नही."

रागाने नाही म्हणाली. दूध उतू गेलं की भांडं घासतात, त्या सहजतेने म्हणाली. आजवर ती मला 'नर्सबाई, तुम्ही' म्हणायची. त्या सकाळी 'तू' झाले.

मी झोळी खांद्यावर टाकली आणि निघाले.

बाळ जगलं. हे इथेच सांगून टाकते. शेवटी ठेवलं तर ही बाळ जगल्याची गोष्ट होईल. ती तशी नाही.

मी आरोग्यसेविका आहे. देवळा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटतील. लोक मला सुई टोचणारी बाई समजतात. टोचणं हा कामाचा लहान भाग. मोठा भाग बघण्याचा. बाळ दूध ओढतं का, ओढताना दमतं का, पोट गरम आहे आणि पाय गार आहेत का, आई जेवते का, आई झोपते का, आईला कोणी बोलू देतं का. हे उपकेंद्राच्या टेबलामागे बसून कळत नाही. घरात जावं लागतं. बाळाला हात लावावा लागतो.

हा हात माझ्या घरी आजीपासून आला आहे. आजी आमच्या मूळ गावात बाळंतपणं करायची. सगळ्या आळ्यांतून तिला बोलावणं यायचं. रक्तात, घाणीत हात घालायला तिचा हात चालायचा. नाळ कापेपर्यंत ती सुईण. नाळ पुरली की पुन्हा वेशीबाहेरची. ती घराबाहेर पडली की मागे जमीन सारवायचे. आई हे सांगायची तेव्हा मी म्हणायचे, जुन्या काळातलं सांगू नकोस. मी नाशिकच्या वस्तीत वाढले, सरकारी शाळेत शिकले, नर्सिंगचा कोर्स केला. माझ्याकडे गणवेश होता, नेमणूक होती. मला वाटायचं, आजीचं आजीबरोबर गेलं.

त्या घराला गावात नानांचं घर म्हणतात. नाना कांद्याचे मोठे व्यापारी. दोन ट्रॅक्टर, नवा बंगला, बंगल्याच्या छतात बसवलेले दिवे. बाळ म्हणजे त्यांचा नातू, दोन मुलींनंतरचा. दिवस भरण्याआधी झालेला. जन्माला आला तेव्हा दोन किलोच्याही आत होता. दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मीही पहिल्याच भेटीत बजावलं: आंघोळ नाही, नुसतं कोमट फडक्याने पुसायचं. डोक्याला टोपडं, पायात मोजे. आणि बाकी सगळा वेळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून शाल. अशा बाळाला स्वतःची ऊब स्वतः तयार करता येत नाही. ती आईच्या अंगातून घ्यावी लागते. म्हातारी सगळ्याला हो म्हणाली होती.

वजन वाढत नव्हतं. मी कारण शोधत होते. दूध कमी पडतंय का बघितलं. जंतुसंसर्ग आहे का बघितलं. सुनेला, वैशालीला, चार शब्द कडक बोलले. "तू त्याला छातीशी धरतेस की नाही? खरं सांग." ती म्हणाली, "धरते हो सिस्टर." आणि आजेसासूकडे, म्हातारीकडे, बघून गप्प झाली. तिला काय सांगायचं होतं ते न्हाणीच्या दगडावर कळलं.

आम्हाला प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती ही: बाळाला हात लावण्याआधी आपले हात धुवा. त्या घरात मी हात धुवायला गेले की म्हातारी तांब्या उंच धरून वरून पाणी ओतायची. नळ होता, तरी ओतायची. मला तो मान वाटायचा. पाहुण्यांच्या हातावर असंच पाणी घालतात. ती मला नळाला शिवू देत नव्हती. मी हात धुऊन बाळाला हात लावत होते आणि हात लावला म्हणून ते बाळ धूत होते.

आणखी एक गोष्ट. घरात तेव्हा सोयर होतं. त्यांच्याच नियमाने घरातलं कोणी देवाला शिवत नव्हतं, देवघराला पडदा लावला होता. म्हणजे घर स्वतः विटाळात होतं. त्या विटाळातल्या घरालासुद्धा माझा विटाळ होत होता.

मी डॉक्टरांकडे गेले. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. तरुण, हुशार, पुण्यात शिकलेले. मी जे बघितलं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वाईट आहे. पण सिस्टर, एक विचारू? बाळ महत्त्वाचं की तुमचा इगो?"

"बाळ."

"मग सोपं आहे. तुम्ही हात लावू नका. आशाताईंना धरायला सांगा, तुम्ही काटा वाचा. त्या त्यांच्यातल्याच आहेत ना?"

"सर, म्हणजे त्यांचं बरोबर?"

"बरोबर कोण म्हणतंय? ॲडजस्ट करा म्हणतोय. नानांचा सकाळीच फोन येऊन गेला. दुसरी सिस्टर पाठवा म्हणत होते. मी तुमची बाजू घेतली."

माझी बाजू म्हणजे उंबऱ्याची बाहेरची बाजू.

नाना स्वतः माझ्याशी गोड बोलले. फाटकाशी भेटले. "सिस्टर, मी असलं काय मानत नाय. मुंबईला हॉटेलात कोण कोणाच्या ताटात जेवतं, विचारतो का आपण? पण आईचं वय झालं हे. तिला आता काय बदलायचं? तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच समजून घ्यायचं."

दर वेळी शिकलेल्यानेच समजून घ्यायचं. न शिकलेल्याने धुवायचं.

पुढच्या भेटींना मी अंगणात उभी राहिले. ओट्याच्या खाली. गावची आशा कार्यकर्ती, सुनंदाताई, आत जायची. चांगली बाई. आमचा एक डबा होता, दुपारी एकत्र जेवायचो. पण त्या घरी आलो की ती माझ्या दोन पावलं पुढे चालायला लागायची, आणि मी तिच्या दोन पावलं मागे.

आता बघा काय झालं ते. मला आत घ्यायचं नव्हतं. काटा माझ्याजवळ होता, माझा हात लागलेला, म्हणून तोही आत जात नव्हता. मग बाळ बाहेर आणायचं. ऊन न पोचणाऱ्या ओट्यावर, वाऱ्यात. दुपटं सोडायचं, झोळीत घालायचं, लटकवायचं. मी आकडा वाचायचा. आधी मी हात लावल्यामुळे बाळ गारठत होतं. आता मी हात लावू नये म्हणून गारठत होतं. दोन्ही वेळा त्यांच्या हिशोबात दोष माझ्या हाताचा.

म्हातारी दारातून सुनंदाताईला सांगायची, "तिले सांग, अजून मागे सरक." सुनंदाताई माझ्याकडे बघायची. मी सरकायचे.

ज्या दिवशी मी सरकले नाही त्या दिवसाबद्दल सांगते.

सकाळचीच वेळ. सुनंदाताईने बाळ आणलं, दुपटं सोडलं, झोळीत ठेवलं. बाळ रडलं नाही. गार कापडात उघडं ठेवलेलं बाळ रडतं. रडलंच पाहिजे. याने हात हलवला नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही. डोळे अर्धे मिटलेले. मी तिथूनच म्हटलं, "ताई, त्याचं पोट बघा." सुनंदाताईने हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं. "गार हे वो सिस्टर."

मी ओट्यावर चढले. चपला काढल्या नाहीत. झोळीतून बाळ उचललं. हाताची मागची बाजू पोटाला लावली. पाय गार असणं ही सूचना असते. पोट गार असणं म्हणजे वेळ संपत आलेली असते. मी उंबरा ओलांडून आत गेले. समोरच्या खोलीतून मधल्या खोलीत. वैशाली पलंगावर होती.

"ब्लाऊज सोड. लवकर."

तिने सोडला. मी बाळ तिच्या छातीवर आडवं ठेवलं, पाठीवर शाल ओढली, वरून गोधडी टाकली. सुनंदाताईला एकशेआठला फोन लावायला सांगितलं. मग ऐकू आलं.

मागच्या दारातून म्हातारी वैशालीची मोठी मुलगी हाताशी घेऊन ओरडत होती, "पानी काढ! नर्सबाई मधमा गई! पानी काढ!"

चुलीवर पाणी होतंच. आम्ही येणार म्हणून दर वेळी आधीपासून ठेवतात, वैशालीने सांगितलं. म्हणजे मी ओट्याखाली उभी राहिले तरी, माझी सावली पडली असेल नसेल तरी, आम्ही गेल्यावर बाळाला आंघोळ होतच होती. एकही भेट चुकली नव्हती. डॉक्टरांचा तोडगा, माझं मागे सरकणं, सुनंदाताईचं दोन पावलं पुढे चालणं, सगळं त्या बादलीत जात होतं.

मी मागच्या दारी गेले. बादली भरलेली होती, वाफ येत होती. मी ती उचलली आणि मोरीत उपडी केली. मग चुलीवरचं पातेलं फडक्याने धरून उतरवलं आणि तेही ओतलं. चुलीत पाणी गेलं. राख फसफसली.

म्हातारी म्हणाली, "तुले समजस का, तू काय करी ऱ्हायनी?"

"समजतंय. बाळाला आज आंघोळ नाही."

नाना वरून खाली आले होते. मागे त्यांचा मुलगा, बाळाचा बाप. त्याच्या हातात मोबाईल होता, नजर त्यातच. नाना मात्र बोलले. गोडवा गेला होता.

"ओ बाई. माझ्या घरात येऊन माझ्या आईची चूल विझवती? सरकारचा पगार खाता, आपल्या पायरीनं राहा."

मी म्हटलं, "नाना, करोनात तुम्हाला लस कोणी दिली?"

त्यांनी मागे मुलाकडे बघितलं.

"रांग मोडून आला होता. केंद्राच्या मागच्या दाराने. मीच दिली. याच हाताने दंड धरला होता. त्या दिवशी घरी येऊन दंड धुतला का?"

"ती वेगळी गोष्ट हे."

"वेगळी कशी? तेव्हा जीव तुमचा होता म्हणून?"

अंगणात शेजारची दोन-चार माणसं जमली होती. त्यातल्या एकाने हळूच म्हटलं, "जयभीमवाली हे ती, ऐकणार नाय." मी त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, "बरोबर ओळखलं."

गाडी आली. देवळ्याला तपासलं आणि नाशिकला हलवायला सांगितलं. गाडीत वैशाली, मी आणि गाडीबरोबरचे डॉक्टर. बाप मागून मोटारसायकलने येतो म्हणाला. म्हातारी घरीच राहिली. भावडबारीचा घाट लागला आणि वैशालीला मळमळायला लागलं. बाळंतपणाने खचलेली पोर, दोन दिवस नीट जेवलेली नव्हती. बाळ तिच्या छातीवर होतं. तिने तोंडावर हात घट्ट दाबला, दुसऱ्या हाताने बाळ माझ्याकडे ढकललं.

"सिस्टर, घ्या ना. घ्या."

डॉक्टर म्हणाले, "छातीलाच लावा, उघडं ठेवू नका."

मी गणवेशाच्या साडीचा पदर सोडला, ब्लाऊजची बटणं काढली आणि त्याला माझ्या छातीवर घेतलं. कातडीला कातडी. डोकं माझ्या गळ्याखाली. वरून पदर, त्यावर शाल. बर्फाच्या लादीतून काढलेली वस्तू ठेवावी तसं लागलं ते. घाट उतरलो. पिंपळगावच्या अलीकडे कधीतरी त्याने पाय आखडला. मग नाकाने माझ्या छातीच्या हाडावर दूध शोधायला लागलं. वैशाली खिडकीला डोकं टेकून बघत होती. तिने हात पुढे केला नाही. मीही दिलं नाही. नाशिकपर्यंत ते माझ्याच अंगावर होतं.

मला तेव्हा माया वाटली असं कोणी समजू नये. मला राग येत होता. एका नखाएवढ्या जिवाला ऊब लागते, ती कोणाच्याही अंगातून मिळते. त्याला ते कळत होतं. त्याच्या घराला कळत नव्हतं. आणि माझी ऊब त्याला वाचवत होती ती सुद्धा गाडीत, दारं बंद असताना, कोणी बघत नसताना. माझ्या आजीसारखी. गरज असेपर्यंत.

नाशिकच्या नवजात कक्षात बाळ बरेच दिवस राहिलं. वजन धरलं. घरी आलं. गावात पेढे वाटले. माझ्यासाठी एक पुडा सुनंदाताईबरोबर आला. तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाना म्हणले, झालं गेलं विसरून जा. आणि ते गाडीतलं कोणाला सांगू नका म्हणले. आजीला कळलं तर ती पोराला पुन्हा..."

"पुन्हा काय?"

"गोमूत्रानं."

मी पुडा तिच्या हातात परत दिला. "त्यांना सांगा, मी सगळ्यांना सांगणार आहे."

सुनंदाताईने पुडा पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मी पण पुढं चालत होते ना वो." मी नाही म्हटलं नाही. तिला बरं वाटावं म्हणूनही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने साक्ष द्यायची तयारी दाखवली. घरी नवऱ्याने तिला काय ऐकवलं ते तिने मला सांगितलं आहे. इथे लिहीत नाही.

माझ्याविरुद्ध उद्धट वर्तनाची तक्रार गेली. मी पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. डॉक्टरांनी बोलावलं. "सिस्टर, बाळ बरं झालं ना? मग आता कशाला? गावात काम करायचंय तुम्हाला." मी म्हटलं, गावात काम करायचंय म्हणूनच. त्यांनी विचारलं, बदली हवी असेल तर शब्द टाकू का. शहराजवळ, चांगल्या ठिकाणी. मी नको म्हटलं. मी गेले तर माझ्या जागी जी येईल तिच्या हातावर म्हातारी पाणी ओतून बघेल, आडनाव विचारेल. आडनाव पटलं तर तिला चहा, नाही पटलं तर बाळाला आंघोळ. हे माझ्या जाण्याने मिटणार नाही.

वैशाली एकदा एकटी उपकेंद्रात आली. बाळ शालीत गुंडाळलेलं. दार लोटून घेतलं. माफी मागायला आली असेल असं मला वाटलं. तिने माफी मागितली नाही. बाळ माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "सिस्टर, पुढची लस कधी?"

"मंगळवारी. घरी येईन मी."

"आजी घरात हे."

"असू दे."

तिने बाळाची शाल घट्ट केली. मग म्हणाली, "मी चूल पेटवणार नाय."

"पेटवली तरी येईन."

मंगळवारी मी जाणार आहे. ओट्याखाली थांबणार नाही. सुनंदाताई माझ्या बरोबरीने चालेल, नाही चालली तर मी एकटी जाईन. टोचल्यावर बाळाजवळ अर्धा तास थांबायचं असतं, तो अर्धा तास मी मधल्या खोलीत बसेन. खुर्चीवर. नाना असोत, म्हातारी असो, शेजारचा तो असो.

आणि त्या घरातच नाही. ज्या ज्या घरात बाळ आहे त्या प्रत्येक घरात माझं काम आता असं सुरू होतं. नळाखाली हात धुवायचे, आपल्या हाताने नळ सोडून. तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणायची. मग मागच्या दारी जायचं, बादली बघायची. भरलेली असेल तर ओतून द्यायची.

मग बाळ उचलायचं.